चतुराबाईची झील

पाटोदा
११ जानेवारी २०१३

गहिनीनाथ,

वर आशीर्वाद लिहावा की नको, ह्या विचारात दोन कागद फाडले. शेवटी नुसतं नाव लिहिलं. नावाला तरी तुझी हरकत नसावी.

एकोणीस वर्षांनी तुझं कार्ड आलं. पोस्टमनने काउंटरवर टाकलं तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी दहाव्याचं असेल. हल्ली कार्डावर दुसरं काही येत नाही. उलटं करून बघतो तर भावाचं अक्षर. अजून तसंच आहे, ओळ डावीकडून नीट निघते आणि उजवीकडे उतरणीला लागते. कारखान्याच्या मिलहाउसमध्ये सोळा वर्षं काढलीस, डावा कान गेला, उजवाही चाललाय, डॉक्टरांनी त्या कानाचे सहा महिने सांगितलेत, हे तू दोन ओळींत उरकलंस. उरलेल्या दोन ओळी आपल्या आबांच्या तबकडीच्या. पुण्याच्या लोकांनी आबांच्या ओव्या नव्या तबकडीवर काढल्याचं पेपरात वाचलंस. सीडी आहेच, कॅसेटही कुठे कुठे मिळते. ऐकू येतंय तोवर एकदा नीट ऐकायच्या आहेत, तर कोणतं घेऊ, आवाजाचा धंदा तुझा आहे म्हणून विचारतो. बास. वहिनी कशी आहे, दादा जिवंत आहे का, एक अक्षर नाही.

वहिनी बरी आहे. दादा जिवंत आहे. फोन केला असता, पण तुझ्या कानाचं वाचलं आणि हात आखडला. मला लिहायची सवय नाही. माझी सवय 'हॅलो, माइक चेक' एवढीच. तरी विचारलं आहेस तर धंद्याच्या इमानाने सांगतो.

आधी सीडी. दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या कंपनीने काढली ती. घोंगडीला कुणी इस्त्री केली तर जशी होईल तशी झाली आहे. आबांच्या आवाजात जी खरखर होती ती त्यांनी कचरा समजून झाडून काढली. अरे, त्या माणसाकडे खरखर हाच तर माल होता. झांज वाजते ती स्टीलची वाटी पडल्यासारखी.

मोबाईल शॉपीतली पोरं मेमरी कार्डात भरून देतात ते तर घेऊच नकोस. त्यांना बास वाढवण्यापलीकडे काही कळत नाही. आबा ओवी म्हणतायत आणि मागून ट्रॅक्टर चाललाय असं वाटतं.

कॅसेट माझी. अठ्ठ्याऐंशी साली ह्याच दुकानात भरली. आपल्या तोंडाने सांगू नये, पण आवाज भरीव आहे, आबा समोर बसल्यासारखे वाटतात. फक्त पंचवीस वर्षांत फीत ताणली. सूर मधूनच खाली येतो, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा वाकतो तसा.

नवी तबकडी मला पुण्याच्या लोकांनी दोन पाठवल्या, कारण माल मी पुरवला होता. जाड आहे, बाजरीच्या भाकरीएवढी. सुई टेकली की आधी शांतता ऐकू येते, आणि ती शांतता स्वच्छ आहे. आबांचा पहिला हुंकार त्यातून वर येतो तेव्हा अंगावर काटा येतो. ढोल कुठे ठेवलाय आणि आबा कुठे बसलेत ते डोळे मिटून दाखवता येतं. हीच घे. दोन्ही तुला पाठवल्या असत्या, पण पोस्टाचा भरवसा नाही.

इकडे आडातलं पाणी दिवाळीलाच गेलं. सहकारी कारखान्याने गुरांची छावणी उघडली आहे, तिथे माझे दोन कर्णे बांधलेत. लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, छावणीवरच दिवस चाललेत. उद्घाटनाला चेअरमनला भाषणात एको हवा होता. समोर सहाशे गुरं. दिला.

बंकट


पाटोदा
३ फेब्रुवारी २०१३

गहिनीनाथ,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. मी चार पानं लिहिली आणि तू एक ओळ. 'दादा, त्यात माय हाय का?'

हे बघ, असं एका ओळीत उत्तर देता येत नाही. झील म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, पण तुझ्या पोरांना तू कधी सांगितलं नसशील, त्यांना हे पत्र वाचून दाखव. ओवी म्हणणाऱ्याचा दम सरत आला की मागे बसलेला झीलकरी ओळीचे शेवटचे शब्द उचलतो आणि पुढची ओळ येईपर्यंत धरून ठेवतो. म्हणणाऱ्याचा दम कुठे तुटला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, ह्यात झीलकऱ्याचं कसब. हे काम बाप्यांचं. आबांची झील कायम मुंजाजी मामा धरायचे. पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मामा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले, आणि तबकडी भरायला मुंबईच्या कंपनीची जीप आली ती एकाच दिवसासाठी. मग मायला, तुझ्या पोरांच्या चतुराबाई आजीला, बसवलं. घरी लोकर कातरताना ती आबांची झील धरायचीच, तिला सगळ्या ओव्या पाठ होत्या. भावकीने नावं ठेवली, ठेवू दे.

आता मुद्द्याचं. मायक्रोफोन एकच होता आणि तो आबांच्या तोंडापुढे. मायचा आवाज बारीक. तो तबकडीवर मुळातच कमी उमटला. मी कॅसेट भरली तोवर घरातली ती जुनी तबकडी झिजून खरखरायला लागली होती, म्हणून झीलच्या जागी मी माझा आवाज भरला. नाहीतर तिथे नुसता तेलात मोहरी तडतडल्याचा आवाज आला असता. पुढे ती तबकडी फुटली. हे सगळं मी तुला चौऱ्याण्णव साली सांगितलं आहे.

तेव्हाही तू ऐकून घेतलं नाहीस. उसाच्या हंगामावरून आलास, कोयता भिंतीला टेकवलास, पाय धुतले नाहीस. तोडीवरच्या पाचटाच्या कोप्यांवर कुणाच्या तरी टेपात माझी कॅसेट ऐकली होतीस. रुक्मिणी वहिनीने ताट वाढलं आणि तू विचारलंस, ह्यातली माय कुठं गेली. सात वर्षांचा होतास ती गेली तेव्हा. तिचा फोटो नाही, काही नाही. मी सांगितलं ते हेच. तू ताटावरून उठलास. ताटावरून उठलेलं माणूस घरात परत येत नाही असं जुनी माणसं म्हणतात, मला ते थोतांड वाटायचं.

नवी तबकडी घे. आबा त्यात खरोखर उत्तम आहेत.

बंकट


पाटोदा
२० फेब्रुवारी २०१३

गहिनीनाथ,

तुझं तिसरं कार्ड माझ्या आधी रुक्मिणीने वाचलं. मी छावणीवर होतो. चाऱ्याची पाळी कर्ण्यावरून पुकारायची असते, नाव चुकलं तर माणसं अंगावर येतात. घरी आलो तर ती उंबऱ्यात बसलेली आणि कार्ड तिच्या मांडीवर.

तू लिहिलं आहेस की नवी तबकडी आणि वाजवायचं मशीन तू आणलंस. उजवा कान स्पीकरच्या जाळीला लावून बसतोस. शेजारचे ओरडतात, पण तुला त्यांचं ओरडणंही ऐकू येत नाही. गेल्या आठवड्यापासून कारखान्याचा भोंगाही येत नाही, बाकीचे उठले की तू उठतोस. दोन्ही बाजू अकरा वेळा ऐकल्यास. आणि शेवटी लिहिलंस, 'सगळीकडं तूच हायेस दादा.'

रुक्मिणीने मला आत येऊ दिलं नाही. म्हणाली, "तबकडी फुटली म्हणता. मंग पेटीत सासूबाईच्या घोंगडीत काय गुंडाळून ठिवलंय?"

मी म्हणालो, तू पेटी कधी उघडलीस.

"लगीन होऊन आले त्या वर्षीच. मला वाटलं, सांगतील कवातरी. गैनी भावजी ताटावरून उठले त्या दिशी बी वाटलं, आता सांगतील."

चोवीस वर्षं ही बाई माझ्या खोट्यावर पांघरूण घालून बसली होती आणि मी समजत होतो की माझं खोटं माझ्या हुशारीवर उभं आहे.

तर लिहितो. तबकडी फुटलेली नाही. झिजलेलीही नाही, पन्नासएक वेळा वाजली असेल. मायक्रोफोन दोघांच्या मधोमध होता, मायचा आवाज तिच्यावर बारीक नाही. तबकडी भरली ते गोदाम मोकळं होतं, आवाज भिंतींवरून परत यायचा, आणि त्या घुमण्यात मायची झील आबांच्या डोक्यावरून पक्ष्यासारखी जायची. पहिल्यांदा ऐकणारा माणूस विचारायचा, ही बाई कोण.

कॅसेट भरताना मी मिक्सरवर वरच्या पट्ट्या उतरवल्या, तिथे तिचा आवाज होता. तेवढ्याने ती पूर्ण जाईना, म्हणून माइक तोंडाशी धरून प्रत्येक झील तिच्यावर मी म्हणालो. एक दिवस लागला. माय जिथे उचलायची तिथेच मी उचलली, ती जिथे सोडायची तिथेच सोडली. कव्हरवर छापलं, 'झील: बंकट म्हाळू'. आबांनी ऐकली. त्यांचं वय झालं होतं. म्हणाले, "बरी हाय." मला आयुष्यात आबांकडून मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट तेच.

पुढे मुंबईच्या कंपनीचं मूळ रीळ ओलीने गेलं. त्यांनी मला विचारलं, जुनी तबकडी आहे का. मी कॅसेटची मूळ फीत दिली. सीडी तिच्यावरून निघाली. मेमरी कार्डं सीडीवरून. पुण्याची माणसं तर घरी येऊन चहा पिऊन गेली, इतकी भली माणसं, त्यांनाही तीच फीत दिली. त्यांनी ती लाख स्वच्छ केली, त्यात माय कुठून येणार. मी तुला जानेवारीत चार पानं भरून जी तुलना लिहिली ती माझीच माझ्याशी होती. आवाजाबद्दल एकही शब्द खोटा नव्हता, हे आणखी वाईट.

आबांचं नाव व्हावं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. तुला माहीत आहे ना, दुसऱ्या बाजूच्या लांब ओवीत माय तीन ओळी झील सोडते. आबा उघडे पडतात, त्यांचा दम लागलेला ऐकू येतो. आबा मरेपर्यंत म्हणायचे, बायकूला बसवली आन् तबकडी नासली. कंपनीने पुन्हा बोलावलं नाही ते त्यामुळेच, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मी म्हणायचो, आबांची नासलेली तबकडी मी दुरुस्त केली.

हेही पूर्ण खरं नाही. आज एवढंच लिहवतं.

बंकट


पाटोदा
२२ फेब्रुवारी २०१३

गहिनीनाथ,

परवाचं पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि तेव्हापासून जेवण जात नाही. उरलेलं लिहून मोकळा होतो. मग तुला जे ठरवायचं ते ठरव.

माय त्या तीन ओळी का थांबली, ते मला माहीत आहे. मी नऊ वर्षांचा होतो आणि तिथे होतो.

तू दहा महिन्यांचा होतास. आबा आणि माय दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, तू माझ्या कडेवर. त्या दिवशी कामाला खाडा करून सगळे पाटोद्याला आलो. सहकारी संघाच्या गोदामात दाणा नव्हता, म्हणून ते कंपनीला मिळालं. आत आबा, माय, ढोलवाला. शेजारच्या लहान खोलीत मशीन, दोन मोठी रिळं फिरणारं, आणि दाराखालून गेलेली वायर. मायने तुला दूध पाजून माझ्याजवळ दिलं. म्हणाली, "पायरीवर बस. ह्यो रडाय लागला तर लांब घिऊन जा. आत येऊ दिऊ नगंस."

पहिली बाजू होईपर्यंत मी शहाण्यासारखा बसलो. दुसरी बाजू सुरू झाली आणि तू झोपलास. मी तुला रिकाम्या पोत्यांच्या चवडीवर ठेवला आणि रिळं बघायला गेलो. फक्त बघायला. मशीनवरचा माणूस चांगला होता. त्याने हसून आपल्या कानाचं यंत्र, हेडफोन, काढलं आणि माझ्या डोक्यावर चढवलं.

गहिनीनाथ, मी आजवर हे कुणाला सांगितलं नाही. त्या यंत्रात माय होती. रोज ऐकलेला आवाज, पण तो माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्याच्या आत. तिचा श्वास ऐकू येत होता. झील उचलायच्या आधी ती ओठ ओले करायची, ते ऐकू येत होतं. मी हा धंदा धरला तो त्या क्षणी. बाकी सगळं, गहिनीनाथ साउंड सर्व्हिस, कर्णे, मिक्सर, हे त्याच क्षणाचं आहे. हो, दुकानाला नाव तुझंच आहे, बोर्ड अजून बदललेला नाही.

मी किती वेळ तसा उभा होतो ते माहीत नाही. मग यंत्रातच तुझं रडणं आलं. तू पोत्यांवरून उतरून, रांगत, उघड्या दारातून आत गेला होतास. मायच्या हातातली झांज थांबली. झील थांबली. आणि मायच्या आवाजात माझं नाव आलं. बंकट. एवढंच ऐकलं आणि मी यंत्र ओरबाडून काढलं आणि पळालो. आत गेलो तोवर तू तिच्या मांडीवर होतास, तिने पुन्हा झील उचलली होती आणि आबा डोळे मिटून म्हणत होते. कंपनीकडे दुसरं रीळ उरलं नव्हतं. जे झालं तेच तबकडीवर आलं.

संध्याकाळी आबांनी तिला विचारलं, झील कावून सोडलीस. ती म्हणाली, लेकरू रांगत आलं. पोराला कुणापाशी दिलतं, हे आबांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी शेजारी भाकरी खात बसलो होतो. त्यानंतर माय सहा वर्षं जगली, पण आबांनी तिला झील धरू दिली नाही. घरात लोकर कातरतानाही ती तोंड मिटून कातरायची. आल्यागेल्यासमोर आबा तबकडी नासल्याचं सांगायचे, ती पाणी आणून ठेवायची. तिच्या तोंडून एकदा जरी निघालं असतं की बंकटच्या हाती दिलं होतं, तरी माझी चामडी लोंबली असती. निघालं नाही.

तबकडी घरात आली तेव्हा मी त्या जागेला घाबरायचो. कर्ण्यावर ते बोलणं कळत नाही, नुसती गुणगुण येते, पण मला माहीत होतं की तिथे माझं नाव आहे. पाहुण्यांसमोर वाजवायची वेळ आली की मशीनजवळ मीच बसायचो आणि तिथपर्यंत आलं की सुई उचलायचो. म्हणायचो, पुढे खराब आहे. माझ्या नावापुढे मायने काय म्हटलं ते मी आजवर ऐकलेलं नाही. कॅसेट भरताना तीच जागा आधी झाकली. एक जागा झाकली की दुसरीकडे ती उघडी दिसते, म्हणून मग सगळीकडेच झाकली.

तुझ्या मायला मी पुसलं ते ह्यासाठी. नावासाठी नाही आणि आबांसाठीही नाही.

बंकट


पाटोदा
१७ मार्च २०१३

गहिनीनाथ,

तेवीस दिवस झाले. तुझं कार्ड नाही. रोज पोस्टमन दिसला की मी काहीतरी खाली पडल्यासारखं वाकतो. रुक्मिणी म्हणते, कार्ड येणार नाही, तुम्ही आता वाट बघायचा अधिकार गमावलात. उंबऱ्यातल्या त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

पुण्याच्या लोकांना फोन करून खरं सांगितलं. त्यांचा माणूस म्हणाला, सगळ्या तबकड्या विकून झाल्यात हो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज दुपारी मी तबकडी वाजवली. दोनला लाईट येते. बीडला जुना रेडिओ दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडून नवी सुई आणली. तबकडीवर घोंगडीची धूळ बसलेली. टँकरच्या पाण्याने धुवावी तर त्यात क्षार, खाचांत बसतील. शेवटी बॅटरीत घालतात त्या पाण्याची बाटली आणली आणि तुझ्या पुतणीच्या लग्नातल्या मऊ फडक्याने पुसली. दार लावलं. कर्णा नाही, कानाचं यंत्र लावलं. रुक्मिणी म्हणाली, मलाही ऐकायचंय, तेव्हा एक कान तिला दिला.

तुलना मागितली होतीस ना, आता खरी लिहितो. पुण्याच्या तबकडीत सुरुवातीची शांतता स्वच्छ आहे. हिच्यात नाही. हिच्यात गोदामाच्या पत्र्यावर कावळा चालतोय. ढोलवाला खोकतो. आबांच्या आवाजाला कडा आहेत, हात लावला तर कापेल अशा. आणि त्यांच्या मागे, थोडी वर, माय. सीडी, कॅसेट, नवी तबकडी, तिन्ही एकत्र केल्या तरी आबा त्यांत एकटे आहेत, हे मला इतकी वर्षं ऐकू आलं नाही. माझा आवाज त्यांच्या मागे होता, पण त्यांच्यासोबत नव्हता. माय त्यांच्या दमाच्या आधी दम घेते. त्यांचा श्वास कुठे तुटणार हे तिला त्यांच्या आधी कळतं.

दुसऱ्या बाजूला ती जागा जवळ आली आणि माझा हात आपोआप उठला. रुक्मिणीने मनगट धरलं. धरून ठेवलं.

तुझं रडणं येतं. झांज खाली पडते. आबा म्हणतच राहतात. त्यांच्या आवाजाखाली एक बाप्या रागाने काहीतरी बोलतो. गोदामाचा राखणदार असणार. त्याचे शब्द लागतात, "पोराकडं कुणाचं ध्यान न्हाई का? कुठं गेला त्यो थोरला?" मग माय. ती कुजबुजते, पण यंत्रात अगदी माझ्या कानाशी. म्हणते, "बंकटला बोलू नगा. त्यो बी लेकरूच हाय."

एवढंच आहे तिथे. त्र्याहत्तरपासून.

गहिनीनाथ, मी पन्नाशीला आलो. माझ्या नावापुढे शिवी असेल, शाप असेल, तक्रार असेल असं धरून मी चाळीस वर्षं सुई उचलली. ज्या जागी तिने मला पाठीशी घातलं, नेमकी तीच जागा मी आधी पुसली. यंत्र डोक्यावरून काढायला आणखी चार शब्द थांबलो असतो तर बहुतेक ह्यातलं काहीच झालं नसतं. मी रडलो. रुक्मिणीही रडली, आणि मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने विचारलं, चहा ठेवू का.

पुढचंही ऐक. माय तुला मांडीवर घेते, 'उगी गैनी' म्हणते, आणि चौथ्या ओळीला झील उचलते. ती लांब धरते, आणि तिच्यात आणखी एक बारीक आवाज आहे. हुंकारासारखा, तिचा सूर सुटला तरी थोडा मागे रेंगाळणारा. मी तीनदा ऐकलं. तो तू आहेस. रडणं थांबवून तिच्याबरोबर झील धरतोयस. तबकडीच्या शेवटापर्यंत आहेस. माझ्या कॅसेटमध्ये मी मायबरोबर तुलाही झाकलं होतं.

परवाच्या गाडीने निघतो. छावणीवरचं पुकारायचं काम दुसऱ्याकडे दिलंय. पाटोद्याहून जामखेड, तिथून पुणे, पुण्याहून तुझी गाडी. मशीन माझ्या मांडीवर असेल आणि तबकडी रुक्मिणीच्या, घोंगडीत. हे पत्र बहुधा आमच्या आधी पोचेल. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, आम्ही मशीन उंबऱ्यात ठेवू आणि पोरांना वाजवायचं कसं ते दाखवून परत जाऊ. पण तोवर दुसरं काही ऐकू नकोस. उजवा कान राखून ठेव.

ती जागा फार हळू आहे. तुला कदाचित लागणार नाही. कदाचित एव्हाना काहीच लागत नसेल, हे मला रोज सकाळी उठल्याबरोबर आठवतं. तसं असेल तर हात स्पीकरवर ठेव, आणि मायचं बोलणं आलं की मी ते तुझ्या तळहातावर बोटाने लिहीन, शब्दाला शब्द, तिच्या वेगाने. पुढे तू आहेस तिथेही सांगेन.

सुई मी उचलणार नाही.

तुझा दादा,
बंकट